उपाशी शत्रूची आडवाट



आरतीनंतरचा हा वेळ मंडळाने आम्हाला दिला, त्याबद्दल आभार. आज आम्ही कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीविषयी बोलणार आहोत.

पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती निमूटपणे राहते. प्रतिकारशक्ती खचली, की तीच रक्तात उतरते आणि जिवावर बेतते.

अशा वेळी आपल्या भक्षकपेशी बुरशीला गिळतात. पेशीच्या त्या कोठडीत साखर फारशी नसते, वर विषारी रसायनांचा मारा. तरीही बुरशी तगते. कशी?

२००१ साली अमेरिकेत मायकेल लॉरेन्झ आणि जेराल्ड फिंक यांनी याचा छडा लावला. गिळलेल्या यीस्टमध्ये कोणती जनुके जागी होतात, हे त्यांनी पाहिले. त्यांत आयसोसायट्रेट लायेज या विकराचे जनुक ठळक होते. स्निग्ध पदार्थांतून मिळणारे दोन कार्बनचे तुकडे एरवी जळून जातात. ऊर्जा मिळते, पण नवी पेशी बांधायला माल उरत नाही. हे विकर आडवाट काढून कार्बन वाचवते, मग त्याची साखर करता येते. एरंडाचे बी रुजताना तेलाची साखर करते, ती याच वाटेने. पुढे हे जनुक काढलेली कॅन्डिडा त्यांनी उंदरांना टोचली, तेव्हा तिची मारकशक्ती खूपच घटली.

बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून तिच्यावरची औषधे मोजकी, आणि काही आपल्यालाही बाधतात. हे विकर मात्र माणसात नाही. क्षयाचा जंतूही शरीरात टिकून राहायला त्याचाच आधार घेतो. त्याला रोखणारे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. शिवाय जिथे साखर सहज मिळते तिथे बुरशीला या आडवाटेची गरज पडत नाही, हीही अडचण आहेच.

तोवर आपल्या हाती काय? २०२१ मधली काळी बुरशी वेगळ्या जातीची. पण अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड एकत्र आले की काय होते, ते तिने दाखवले. म्हणून आमची विनंती : रक्तातली साखर ताब्यात ठेवा, स्टिरॉइड मनाने घेऊ नका, दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरा. आणि मधुमेही मंडळींनी मोदकाचा प्रसाद प्रसादापुरताच घ्यावा!

मंगलमूर्ती मोरया.