मुलांची शाळेची वाट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मानव विकास कार्यक्रमातून सरकार निवडक तालुक्यांतील खेड्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे देते. २०२२ साली ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. चांगलेच झाले. पण आपल्या डोंबिवलीत नुसती सायकल मिळून भागणार नाही. इथे मुलांना आधी मोकळा पदपथ हवा. रस्ते नीट राखणे, त्यांवरील अडथळे हटविणे हे १९४९ च्या कायद्याप्रमाणे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मग मी म्हणते, मागायला संकोच कसला? प्रत्येकीने मुलाबरोबर शाळेपर्यंत चालावे. पदपथ कुठे तुटला, कुठे अडला ते टिपून ठेवावे. अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी आपल्या सह्यांचा अर्ज पालिकेत गेला पाहिजे. हळदीकुंकवाला जमतो, तशा या कामालाही जमू या.