निराधार मुलांचें मन आणि व्यसन

भुसावळच्या स्थानकावर मुंबई, नागपूर आणि इटारसी या तिन्ही दिशांच्या गाड्या एकत्र येतात. जळगांवास सुरतेचा फांटा मिळतो, आणि धुळ्यास मुंबई-आग्रा रस्ता व सुरत-नागपूर रस्ता एकमेकांस छेदतात. या वाटांनीं खानदेशच्या व्यापारास पुष्कळ दिलें. परंतु ज्या वाटांनीं कापूस आणि केळीं बाहेर जातात, त्याच वाटांनीं घर सोडलेलीं मुलेंहि येतात. बाप दारू पिऊन मारतो म्हणून कोणी निघालेला असतो. आई गेल्यावर नव्या संसारांत जागा उरली नाहीं म्हणून कोणी. तर आईबाप ऊसतोडीस गुजरातेंत गेले आणि मागें राहिलेल्या आजीस पोर आवरलें नाहीं, म्हणून कोणी.

श्रोतेहो, फलाटाच्या टोकाशीं हातांतील चिंधी नाकातोंडाशीं धरून बसलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पुष्कळांनीं पाहिला असेल. पाहणाऱ्याचें मन विटतें. कोणी नाणें टाकतो, कोणी चोरटा म्हणून सामान जवळ ओढतो. त्या चिंधींत काय आहे, आणि ती त्याच्या हातीं कां आली, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

त्या चिंधीवर बहुधा पंक्चर जोडण्याचें सोल्यूशन असतें, अक्षर खोडण्याचें व्हाइटनर असतें, किंवा रंगांत मिसळण्याचें थिनर असतें. यांतील टोल्यूइनसारख्या द्रव्याची वाफ फुप्फुसांतून रक्तांत आणि रक्तांतून मेंदूंत कांहीं क्षणांत पोहोंचते. भूक मरते, थंडी कळेनाशी होते, भीति ओसरते. हा अंमल थोड्याच मिनिटांत उतरतो, म्हणून चिंधी पुनः पुनः नाकाशीं जाते. पुढें स्मरण मंदावतें, हातपाय कांपूं लागतात, मूत्रपिंडें बिघडतात. क्वचित् हृदयाचे ठोके एकाएकीं चुकून मुलगा जागच्या जागीं मरतो. पहिल्या खेपेसहि असें घडूं शकतें.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करविलेल्या देशव्यापी पाहणीचें वृत्त २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. इतर सर्व मादक पदार्थ मोठीं माणसें अधिक प्रमाणांत घेतात. हुंगण्याचे पदार्थ तेवढे मुलें अधिक घेतात, असें तींत आढळलें. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा १.१७, तर प्रौढांत ०.५८ होतें. सुमारें ४ लक्ष ६० हजार मुलांस या व्यसनासाठीं मदतीची गरज असल्याचा अंदाज होता. हे आंकडे घरोघर जाऊन मिळविलेले आहेत. ज्यांस घरच नाहीं, त्यांची गणना अशा पाहणींत कशी व्हावी?

व्यसनामुळें मूल रस्त्यावर आलें, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदां क्रम उलटा असतो. पहिल्या रात्रीं त्याला झोंप येत नाहीं. मोठीं पोरें पैसे हिसकावतात, मारतात, कधीं त्याहूनहि वाईट करतात. मग तो प्रत्येक चाहुलीनें दचकतो. अशा वेळीं कोणी चिंधी पुढें करतो, आणि तीच त्याचें औषध होते. कांहीं मुलांचा मनाचा आजार तर घर सोडण्यापूर्वींचाच असतो. कानांत आवाज येतात असें तो सांगे, आणि घरचे त्याला भगताकडे नेत. आजारानें व्यसन वाढतें, व्यसनानें आजार वाढतो. म्हणून केवळ चिंधी हिसकावून घेतल्यानें कांहींच साधत नाहीं. तिच्या जागीं जेवण, निर्भय झोंप आणि विश्वासाचें माणूस द्यावें लागतें.

कायद्यांत तरतुदी आहेत. व्हाइटनर व थिनर यांच्या बाटल्यांच्या किरकोळ विक्रीस २०१२ सालीं बंदी झाली. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलास दारू, तंबाखू किंवा मादक द्रव्य देणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे; परंतु सोल्यूशनचें नांव त्या कलमांत नाहीं, आणि सायकलच्या दुकानांतून तें हद्दपार करणेंहि शक्य नाहीं. तेथें दुकानदाराचा विवेक हाच पहारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मद्य व मादक द्रव्यांच्या व्यसनाशीं निगडित मनोविकारांस आजारांतच गणलें आहे, आणि निराधार रुग्णास मोफत उपचाराचा हक्क दिला आहे. धुळ्यास भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ सालीं सुरू झालें. रुग्णालय दूर आहे, ही सबब आतां उरलेली नाहीं.

खरी उणीव निराळी आहे. व्यसनमुक्तीची रीत बहुतेक ठिकाणीं घरच्या माणसांवर उभी असते; तींच रुग्णास आणतात, भेटतात आणि परत नेतात. पुण्यास सुनंदा व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं उभारलेल्या मुक्तांगणानेंहि कुटुंबाचा सहभाग महत्त्वाचा मानला. परंतु ज्याला न्यावयास कोणी येत नाहीं, तो बरा होऊन त्याच फलाटावर उतरतो, आणि चिंधी तेथें असतेच. कर्जतजवळील श्रद्धा संस्थेंत डॉ. भरत वाटवानी यांनीं रस्त्यावरील मनोरुग्णांस बरें करून घरीं पोहोंचविण्याचें व्रत घेतलें. २०१८ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. उपचार आणि घर या दोन गोष्टी तोडतां येत नाहींत, हाच त्या कार्याचा धडा आहे. ज्याला परतण्याजोगें घर नाहीं, त्याच्यासाठीं तें समाजानें निर्माण करावयाचें असतें. अठरा वर्षें पुरीं होतांच बालगृहाचें दार मिटतें; एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यांत आहे, पण ती मुलाच्या कानावर जावयास हवी.

हें खानदेशास नवें नाहीं. १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या शाळेंत शिकवीत असतां साने गुरुजींनीं छात्रालयांतील मुलांचे कपडे धुतले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. घरापासून दूर असलेल्या मुलास आधीं आपलें माणूस लागतें, मग उपदेश, हें त्यांनीं ओळखलें होतें.

प्रत्येक गृहस्थास गुरुजी होतां येणार नाहीं. परंतु १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करतां येईल. एकटें मूल दिसल्यास चोवीस तासांच्या आंत कळविणें हें प्रत्येक नागरिकाचें कायदेशीर कर्तव्यच आहे. मनाच्या त्रासासाठीं १४४१६ आणि व्यसनासाठीं १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत. फलाटावर टाकलेलें नाणें पुष्कळदां संध्याकाळीं सोल्यूशनच्या नळींत जातें. नाण्याऐवजीं पोळीभाजी द्यावी, नांव विचारावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच नांवानें हांक मारावी. ज्याला नांवानें हांक मारणारें कोणी उरलेलें नाहीं, त्या मुलाचा उपचार त्या हांकेपासूनच सुरू होतो.