पैसा केव्हा लागणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला हा विषय सुचविला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. या व्यासपीठावरून आजवर आहार, बालसंगोपन, संतवाङ्मय अशा विषयांवर जाणकारांची व्याख्याने झाली. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले, २०१९ साली निवृत्त झाले. शेअरबाजार, कर्जरोखे यांवर मी काय बोलावे? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या हातून चूक झाली आहे ना? मग तुम्हीच बोला. न चुकलेल्यांची भाषणे पुष्कळ ऐकली." यावर मजजवळ उत्तर नव्हते. तेव्हा ती चूकच आज आपल्यापुढे मांडते.

माझ्या वन्सं राजापूरजवळच्या एका खेड्यात एकट्या राहतात. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी दोन लाख रुपये माझ्या स्वाधीन केले. "घराचे वासे आता फार तर अडीच-तीन पावसाळे काढतील. तोवर हे पैसे कुठेतरी नीट ठेवा. तुम्हाला हिशेब कळतो," असे त्या म्हणाल्या. त्या वेळी मोठ्या बँकांत ठेवीवर जेमतेम साडेपाच टक्के व्याज मिळे. मी चौकशी केली, तेव्हा सरकारी कर्जरोख्यांत पैसे गुंतविणारा एक फंड नजरेस आला. मागील तीन वर्षांत त्याने वर्षाला नऊ टक्क्यांहून अधिक दिले होते. सरकारी रोखे म्हणजे बुडण्याची भीती नाही, आणि वर नऊ टक्के! मी बँकेची वाट सोडली आणि सारी रक्कम त्या फंडात घातली.

जून २०२२ मध्ये पाहते तो दोन लाखांचे एक लाख चौऱ्याण्णव हजार झालेले. सरकार तर बुडाले नव्हते. मग सहा हजार गेले कोठे?

हे समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. समजा, आपल्या मंडळाने सभागृहासाठी शंभर-शंभर रुपयांचे कर्जरोखे काढले. मुदत दहा वर्षे, व्याज दरसाल सात रुपये. आपल्या खजिनदारबाईंनी एक रोखा घेतला. पुढच्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतील मंडळाने तसाच रोखा काढला, पण व्याज आठ रुपये. आता खजिनदारबाईंना आपला रोखा विकावयाचा झाला, तर त्याला शंभर रुपये कोण देईल? हिशेब केला तर त्याची किंमत सुमारे त्र्याण्णव रुपये येते. व्याजदर चढला की जुन्या रोख्याचा भाव उतरतो आणि दर उतरला की भाव चढतो, तो असा. मात्र रोख्याची एकच वर्षाची मुदत उरली असेल, तर तोच भाव नव्व्याण्णव रुपये येतो. म्हणजे मुदत जितकी लांब, तितका झोका मोठा.

२०२२ मध्ये हेच घडले. रिझर्व्ह बँकेने ४ मे रोजी रेपो दर चार टक्क्यांवरून ४.४० टक्के केला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर नेला. आमचा फंड लांब मुदतीचे रोखे बाळगून होता, म्हणून त्याला झोका मोठा बसला. जे नऊ टक्के पाहून मी भुलले होते, तेही पुष्कळसे दर उतरत असतानाच्या काळाचे फळ होते. मागील वर्षी आंबा चांगला आला म्हणून यंदाही येईलच, असे कोकणातला माणूस कधी म्हणत नाही. मी मात्र तसे धरून चालले.

येथवरची चूक अडाणीपणाची. पुढची अधीरपणाची.

वास्तविक खजिनदारबाईंनी तो रोखा न विकता दहा वर्षे ठेवला, तर त्यांना दरवर्षी सात रुपये आणि शेवटी पुरते शंभर मिळणारच आहेत. फंडाची गोष्ट किंचित वेगळी. त्यातील रोखे बदलत असतात आणि बहुतेक फंडांना शेवटची तारीख नसते. पण व्याजदर चढल्यावर येणारे व्याज आणि सुटलेले पैसे नव्या, जास्त व्याजाच्या रोख्यांत जातात, आणि झालेली घट हळूहळू भरून येते. किती काळात? फंडाच्या मासिक पत्रकात ड्युरेशन नावाचा एक आकडा छापलेला असतो. तो सहा असेल, तर व्याजदर एक टक्का चढल्यास भाव सुमारे सहा टक्के उतरतो, आणि ती घट भरून निघण्यासही साधारण तितकीच वर्षे हाताशी असावीत, असा ठोकताळा आहे. हा आकडा माझ्या फंडाच्या पत्रकात होता. गणिताची शिक्षिका असून मी तो वाचला नव्हता.

त्याऐवजी मी घाबरून फंड विकला. त्याच सुमारास माझा पुतण्या मोबाईलवर शेअरबाजारात घेणे-विकणे करू लागला होता. तो म्हणाला, "काकू, फंडात पैसे कुजतात. बाजार वरखाली होतो त्यातच तर कमाई आहे!" आम्ही दोघे बसलो. पहिल्या पंधरवड्यात नऊ हजार मिळाले. भगिनींनो, ते नऊ हजार मिळाले नसते तर फार बरे झाले असते. मला वाटू लागले की, एवढी वर्षे त्रैराशिक शिकविण्यात फुकट गेली.

पुढे आम्ही ऑप्शन घेऊ लागलो. ऑप्शन म्हणजे ठराविक दिवसापर्यंत भाव अमुक एका बाजूला जाईल या अंदाजावर दिलेले पैसे. अंदाज चुकला तर दिलेली सारी रक्कम जाते. आणि अंदाज खरा ठरूनही चार दिवस उशिरा ठरला, तरीही जाते. शिवाय दर व्यवहाराला दलाली, कर, मुद्रांक. दूध उकळत ठेवून दर घटकेस पळीभर काढून पाहावे, तसे आमचे चालले होते. दिवाळीपर्यंत एक लाख एकतीस हजार उरले.

यातील विपरीत गोष्ट ऐका. जूनच्या मध्यावर सेन्सेक्स ५१ हजारांच्या आसपास होता, तो दिवाळीत साठ हजारांच्या घरात पोहोचला. म्हणजे त्या चार महिन्यांत बाजार चढला आणि आमचे पैसे उतरले. बाजाराने आम्हांला बुडविले असे मी म्हणूच शकत नाही.

भाऊबिजेला वन्सं आल्या. ओवाळणे झाले, जेवणे झाली. दुपारी मी त्यांना वही दाखविली आणि सारे सांगितले. त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तोटा कुणालाही होतो. पण पैसे तिथून काढून इकडे घालताना मला एक फोन का नाही केलात?" हा प्रश्न मला एकोणसत्तर हजारांहून जड गेला. ती रक्कम मी माझ्या ठेवीतून भरून दिली. त्यांनीही ती मुकाट्याने घेतली, कारण वासे खरेच कुजले होते. आमची दोघींची मने पुन्हा पूर्वीसारखी होण्यास मात्र वर्षभर लागले.

त्यानंतर मी या विषयाचा विद्यार्थिनीप्रमाणे अभ्यास केला. जे हाती आले, ते सांगते.

पहिली गोष्ट, माझी गत ही काही एकटीची गत नव्हती. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. आणि तोटा झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक पुन्हा त्याच खेळात राहिले. शेअर सकाळी घेऊन संध्याकाळी विकणाऱ्यांतही, २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जणांना तोटाच झाला. घेणे-विकणे हा एक धंदा आहे. तो पूर्ण वेळ देऊन, भांडवल बाळगून करणारे लोक आहेत, आणि बाजारास त्यांची गरजही आहे. पण वाटाणे सोलता सोलता तो करता येत नाही.

आपल्या मुंबईला तर हा धडा जुनाच आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोकांनी वायद्याने, हाती पैसे नसताना घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणेकऱ्यांजवळ देण्यास काही नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या लोकांचा अंदाज अगदीच खोटा होता असे नाही. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आज केवढे शहर उभे आहे! पण त्यांचे पैसे एक जुलैला लागणार होते, आणि जमिनीला लागणार होती वर्षानुवर्षे.

दुसरी गोष्ट, बाजाराची चंचलता हा जो बागुलबुवा आहे, तो थांबू शकणाऱ्याला कमी छळतो. २३ मार्च २०२० रोजी, महामारीच्या भीतीने, सेन्सेक्स एका दिवसात सुमारे तेरा टक्के पडून २६ हजारांच्या खाली गेला; वर्ष संपताना तो ४७ हजारांच्या वर होता. ४ जून २०२४ रोजी निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तो चार हजारांहून अधिक अंशांनी कोसळला आणि त्याच आठवड्यात नव्या उच्चांकास गेला. त्या दिवशी विकणाऱ्यांत माझ्यासारख्या घाबरलेल्या बायका किती असतील, असे मनात आले.

पण येथे एक सावधगिरी. "दीर्घ मुदत" हा काही तारक मंत्र नव्हे. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता, ती उंची ओलांडण्यास त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. म्हणून सारे पैसे एकाच ठिकाणी, एकाच दिवशी घालू नयेत. आणि रोखे सारेच सरकारी नसतात. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने कर्जरोख्यांच्या सहा योजना एकाएकी बंद केल्या. थोड्या जास्त व्याजासाठी तेथे कमी पतीच्या कंपन्यांचे रोखे घेतलेले होते. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाले खरे. पण ज्या घरी त्याच वर्षी दवाखान्याचे बिल आले, त्या घरी त्याचा काय उपयोग? थांबण्याने व्याजदराची घट भरून येते, बुडालेल्या कर्जाची येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि माझ्या साऱ्या भाषणाचा मुद्दा तोच आहे. पैसा कोठे घालावा हे विचारण्याआधी तो केव्हा लागणार हे विचारावे. आपण स्वयंपाकघरात हेच करतो. मिठाचा डबा हाताशी, वर्षाचे तांदूळ कणगीत, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. लोणचे रोज उघडून कोणी पाहत नाही आणि मीठ माळ्यावर कोणी ठेवत नाही.

वर्षभरात लागणारा पैसा बँकेत असावा, किंवा अगदी अल्प मुदतीच्या फंडात. दोन ते पाच वर्षांनी लागणारा पैसा मुदत ठेवीत, नाहीतर ज्या फंडाचे ड्युरेशन आपल्या गरजेपेक्षा कमी आहे अशा चांगल्या पतीच्या रोखे फंडात. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडांच्या नफ्यावर, कितीही वर्षे ठेवले तरी, आपल्या उत्पन्नाच्या दरानेच कर बसतो; तेव्हा पूर्वीची करसवलत गृहीत धरून फंडाकडे धावू नये. सात-दहा वर्षे हात लावावा लागणार नाही असाच पैसा शेअरच्या फंडात, तोही दरमहा थोडाथोडा. आणि दुसऱ्याचा पैसा असेल तर, जागा बदलण्यापूर्वी, एक फोन.

वन्संच्या दोन लाखांना तीन वर्षांची मुदत होती. मी ते सहा-सात वर्षांच्या फंडात घातले, नऊ महिन्यांत काढले, आणि मग एका आठवड्याच्या खेळात लावले. पुढे जून २०२४ मध्ये मी त्याच फंडाचा भाव काढून पाहिला. नुसते तेथेच ठेवले असते, तर तोवर सव्वादोन लाखांच्या आसपास झाले असते. बँकेतही जवळपास तितकेच झाले असते, आणि मध्ये झोपही लागली असती.

त्याच वर्षी मे महिन्यात वन्संच्या घराचे वासे बदलले, कौले पुन्हा चढली. मी आणि हे दोघेही आठ दिवस तेथे होतो. पुतण्याही आला होता. त्याने कौले वर देण्याचे काम केले आणि मोबाईल खिशातच ठेवला, हे मुद्दाम नमूद करते.

चहा तयार असल्याची खूण चिटणीसबाई करीत आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा फंडाची पत्रके येऊन कपाटात पडली असतील, त्यांनी पुढच्या शनिवारी ती मंडळात घेऊन यावीत. कोणता फंड घ्या, हे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण ड्युरेशनचा आकडा कोठे छापलेला असतो, तो मी चष्मा लावून शोधून देईन. तुमचा पैसा केव्हा लागणार, तो आकडा मात्र घरून तुम्हीच आणावयाचा आहे.