रेषेतून उभा राहिलेला वेष



आपल्या ग्वाल्हेरच्या गुजरी महालात बाघ येथील लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला आहेत. त्या दाखविण्यास एकदा मी वर्गातील मुलींना घेऊन गेले होते. एक मुलगी चित्रांतील स्त्रियांच्या वस्त्रांच्या चुण्या वहीत उतरवीत तासभर बसून राहिली. ती वही मी तिच्या वडिलांना कौतुकाने दाखविली. ते म्हणाले, "बाई, हात चांगला आहे, पण चित्रे काढून पुढे करायचे काय?" प्रश्न तुसडेपणाचा नव्हता, काळजीचा होता. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते आज देत आहे.

भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच पुढे ख्याती पावलेल्या भानू अथैया, यांचा जन्म १९२९ साली कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार. मुलगी लहान असतानाच ते निवर्तले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत भानुमतींनी सुवर्णपदक मिळविले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ सालच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. परंतु चित्रे विकून चरितार्थ चालविणे त्या काळी सोपे नव्हते. त्यांनी 'ईव्ह्ज वीकली' यासारख्या स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांसाठी वेषांची चित्रे काढण्यास आरंभ केला.

हे काम हलके समजण्याचे कारण नाही. वस्त्र कोठे सैल सुटते, कोठे आवळते, शिवण कोठे येते, हे सारे छापील पानावर चार रेषांत सांगावे लागते. रेषा खोटी असेल, तर वेष अंगावर बसणार नाही. पुढे 'ईव्ह्ज वीकली'च्या संपादिकेने कपड्यांचे दालन काढले आणि भानुमतींना प्रत्यक्ष पोशाख करावयास सांगितले. कागदावरील रेषा अशी कापडावर आली.

तेथून त्या चित्रपटांकडे वळल्या. १९५६ सालचा 'सी. आय. डी.', त्यानंतर 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम'. १९६६ सालच्या 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासिली. अजिंठा आणि बाघ यांची चित्रशैली जवळच्या नात्यातली. आमची विद्यार्थिनी वहीत उतरवीत होती, ते याच जातीचे काम होते. 'गांधी' या चित्रपटात तर बॅरिस्टरच्या कोटापासून खादीच्या पंचापर्यंत एका आयुष्याचा प्रवास वस्त्रांतूनच दाखवावयाचा होता. त्याबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. 'लगान'पर्यंत व त्यापुढेही त्यांचा हात चालत राहिला. २०२० साली त्यांचे निधन झाले.

या वाटेवर त्यांची चित्रफलकाशी असलेली सोबत मागे पडली, हेही मान्य केले पाहिजे. पण रेषा सुटली नाही. तिने केवळ जागा बदलली.

ऑस्कर प्रत्येकीच्या वाट्याला येणार नाही, हे उघड आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील चित्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, आपल्या शेजारच्या चंदेरीच्या साडीचा काठ, हे सारे कोणीतरी आधी कागदावर काढतेच. ते कोणीतरी आपल्या घरातील मुलगी का असू नये? त्या वडिलांना माझी एवढीच विनंती आहे, की ती वही मिटू नये.