करवतीचे दाते आणि कामगाराची बोटे

(अलिबाग येथे यंत्रकामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले, यंत्र चालविण्यात नव्हे. तरीही आज मी लोखंड कापणाऱ्या पट्टा-करवतीविषयी, तुमच्या भाषेत बँड सॉविषयी, बोलणार आहे. त्यातले जे थोडे मला कळते ते तुमच्यासारख्यांकडूनच शिकलो.

१९८० च्या दशकापासून थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना असे मोठे उद्योग या भागात उभे राहिले. त्यांच्या आगेमागे फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉपे वाढली. पाइप, सळ्या, अँगल मापात कापणे हे तिथले पहिले काम. काप वाकडा गेला की पुढचे वेल्डिंगही बिघडते.

दोन चाकांवर ताणलेले हे अखंड पाते चालविणे ही विद्या आहे. कापाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते हवेत. पातळ पाइपवर मोठ्या दात्यांचे पाते चढविले तर दाते मोडतात. जाड सळईवर बारीक दात्यांचे चढविले तर दात्यांमधली जागा किसाने भरते. नवे पाते आरंभी कमी दाबाने चालवावे, नाहीतर त्याची कोवळी धार टवकते. सुटा, वळलेला कीस हे बरे लक्षण. भुकटी पडली तर दाब कमी, कीस निळा-जळका दिसला तर दाब किंवा वेग जास्त. कूलंटमधले पाणी उडून जाते, म्हणून मिश्रण वरचेवर तपासावे लागते. त्यात आपला खारा वारा! काम संपल्यावर पात्याचा ताण सैल केला नाही, यंत्र पुसून तेलाचा हात फिरविला नाही, तर गंज चढायला वेळ लागत नाही.

ही विद्या जमाखर्चाच्या वहीत कुठे दिसते? पात्याची किंमत दिसते, यंत्राचा घसारा दिसतो. कामगाराचे ज्ञान दिसत नाही. म्हणूनच ठेकेदार दर काही महिन्यांनी माणूस बदलू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपात कीस झाडणारा तारेचा ब्रश झिजला होता. मालक म्हणे, ठेकेदाराने आणावा. ठेकेदार म्हणे, मालकाने द्यावा. दाते किसाने भरू लागले, तेव्हा एक तरुण हातमोजा घालून चालत्या पात्याजवळचा कीस काढू लागला. मोजा अडकला. दोन बोटे गेली. कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण बंधनकारक केले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेत हे दोन्ही कायदे सामावले गेले. कायद्याचे नाव बदलले. ब्रश कोणी आणायचा, हा प्रश्न मात्र राहिला.

आपल्यातलेही काही जण संरक्षक झाकण काढून ठेवतात, हे मी विसरलेलो नाही. पण नगावर मजुरी ठरली की झाकणाचा प्रत्येक क्षण कामगाराला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. दोष केवळ त्याच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे आहे.

म्हणून तीन गोष्टी मागा. प्रत्येक पाळीत देखभालीसाठी पगारी पाव तास. यंत्र शिकविल्याखेरीज कोणालाही त्यावर उभे करू नये. आणि धोका दिसताच यंत्र थांबविण्याचा अधिकार ते चालविणाऱ्याला असावा. मालक म्हणेल, उत्पादन बुडते. त्याला विचारा, तुटलेली पाती आणि वाया गेलेला माल कोणाच्या खात्यावर मांडता?

याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ संप केला. जमीन कसणाऱ्याचा तिच्यावर काही हक्क आहे, एवढेच ते सांगत होते. यंत्र चालविणाऱ्याचा त्या यंत्राविषयी बोलण्याचा हक्क याहून निराळा नाही.