आजारपणातली दुपार



दूरदर्शनचा विषय निघाला, की वक्त्याने मुले बिघडल्याचे सांगावे असा रिवाज आहे. आज मी तो पाळणार नाही.

१९८५ साली, नऊ वर्षांचा असताना, मला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरूण. आईवडील नोकरीवर, घरात आजी, मी आणि दूरदर्शनचा संच. त्या काळी कार्यक्रम दिवसभर नसत. दुपारी मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाचा अभ्यासवर्ग लागे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी तो सुरू झाला होता. लहान गावांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही उत्तम अध्यापन मिळावे, हा हेतू. भाषा बहुतेक इंग्रजी. आमच्या शेजारची सुशिक्षित मंडळी त्या वेळी संच बंद करून वामकुक्षी करीत!

आजीची शाळा चौथीत सुटलेली. “काय म्हणतोय रे तो?” ती विचारी. मला तरी कुठे कळत होते? पण मी पडलो इंग्रजी शाळेतला नातू. अब्रूचा प्रश्न होता. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुभंगताना दाखवल्या. मी ठोकून दिले, “हे काविळीचे किडे.”

आजी बराच वेळ पाहत राहिली. “किडे इतक्या शिस्तीत नाही वागत,” ती म्हणाली.

मी बरा झालो. पुढे एके दिवशी शाळा लवकर सुटली. घरी येऊन पाहतो, तो आजी एकटीच संचासमोर. मांडीवरच्या सुपातले तांदूळ तसेच, निवडायचे राहिलेले.

“तुला कळतं, आजी?”

“तू शाळेत गेलास की जास्त कळतं,” ती म्हणाली, आणि मला गप्प बसण्याची खूण केली.