जपानी घ्यावं की स्विस?

श्रीवर्धनच्या बाजारात गेली पंचेचाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतो. आधी वडील करत, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला भिंग, एवढंच आमचं दुकान. मोठी घड्याळं विकणं हा आमचा धंदा कधीच नव्हता. तरीही गेल्या वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बोटीवर नोकरी करणारी, आखातात असलेली, मुंबईत चांगल्या पगारावर असलेली इथली मुलं सुट्टीत आली की विचारतात, "काका, चार-पाच लाखांचं घड्याळ घ्यायचंय. स्विस घेऊ की जपानी?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. चार लाखांत आमच्याकडे एका खोलीवर कौलं चढत. पण प्रश्न खोटा नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलेलं आहे, म्हणून आज त्यावर बोलायला बसलो आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीला घड्याळ म्हणजे स्विसच. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं फौजेतून आणि रेल्वेतून कोकणात आली. फाव्र-ल्यूबा तर इतकं घरचं झालं होतं, की ते नाव परदेशी आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, ड्यूटी वाढली आणि घड्याळ ही चोरून आणायची वस्तू झाली. आमचा हा किनारा, रेवसपासून खाली दिघी-श्रीवर्धनपर्यंत, त्या काळात कशासाठी बदनाम होता ते वेगळं सांगायला नको. सोनं, चांदी, कापड आणि घड्याळं. पुढे १९९३ साली याच किनाऱ्यावर जे उतरवलं गेलं त्याने सगळ्यांचीच मान खाली गेली, पण वाट जुनी होती. १९६२चा कस्टम्स कायदा काढून पाहा. त्याचं १२३वं कलम सांगतं, की काही माल चोरटा म्हणून पकडला तर तो चोरटा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्याने सिद्ध करायचं. त्या मालात सोन्याबरोबर घड्याळांचं नाव आहे. आजही आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की घड्याळ कुठलंही घ्या, बिल जपून ठेवा. आणि परदेशातून हातात घालून येणार असाल तर ठरावीक रकमेपुढे ड्यूटी भरावी लागते, तिचा हिशेब आधी करा.

मग जपान आलं कुठून? दोन वाटांनी आलं. पहिली सरकारी. १९६१ साली बंगळूरला एच.एम.टी.ने घड्याळं करायला घेतली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. जनता, पायलट, सोना, कांचन; लग्नात जावयाला दिलेलं ते काळ्या डायलचं कांचन आठवा. ते स्वदेशी होतं हे खरंच, पण त्याचं आजोळ जपानचं. एच.एम.टी.चा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला सरकारने २०१६च्या जानेवारीत मंजुरी दिली, तरी माझ्या टेबलावर आठवड्याला एखादं तरी एच.एम.टी. येतंच.

दुसरी वाट आखाताची. श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली या भागातली घरटी माणसं सत्तरच्या दशकापासून कुवेत, दोहा, दुबईला गेली. ती परत येताना टेपरेकॉर्डर, ब्लँकेट आणि सैको फाइव्ह घेऊन आली. सैको फाइव्ह १९६३ साली निघालं. चावी द्यायची गरज नाही, हात हलला की आपोआप भरतं. तीनच्या आकड्याशी वार आणि तारीख एकाच खिडकीत. आखातात विकल्या जाणाऱ्यांत वार इंग्रजीत आणि अरबीत असा दोन्ही लिपींत असे. माझ्याकडे अजून अशी घड्याळं येतात. मालक गेला, घड्याळावर शुक्रवार अरबीतच उमटतो.

या सैकोबद्दल आम्हा घड्याळवाल्यांच्या मनात तेव्हा तुच्छता होती. "जपानी पत्रा" असा शब्दच होता. मशीनला झिलई नाही, नक्षी नाही, काही मॉडेलना हाताने चावी देता येत नाही, वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. हे दोष खरेच होते. पण आत एक साधा दोन बोटांचा लिव्हर असे. हात कुठल्याही बाजूला हलो, तो स्प्रिंग भरतच राही. त्यातली करामत आमच्या लक्षात यायला वीस वर्षं लागली. तेल सुकलं, आत वाळू गेली, तरी ते चालत राही.

आता माझी चूक सांगतो. १९८४ची गोष्ट. आमच्या आळीतले एक चाचा कुवेतहून सुट्टीवर आले होते. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. नवऱ्यामुलाला द्यायला त्यांनी नवं कोरं सैको फाइव्ह आणलं होतं. पट्टा कमी करायला माझ्याकडे आले. मी तेव्हा ऐन उमेदीत. म्हटलं, "चाचा, भावोजींना जपानी देता? लोक काय म्हणतील? स्विस द्या." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी ते सैको माझ्यामार्फतच जीवना बंदरातल्या एका कोळीदादांना विकलं, वर पदरचे पैसे घातले आणि मुंबईतून एक स्विस घड्याळ आणलं.

वर्षाच्या आत ते बंद पडून माझ्या टेबलावर आलं. मागचं झाकण उघडलं आणि मला घाम फुटला. डायल पुन्हा रंगवलेली. मशीन तीन वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं. वरचं नाव तेवढं स्विस. अशी घड्याळं त्या काळी मुंबईत सर्रास बनत, अजूनही बनतात. मी चाचांना काही बोललो नाही. सर्व्हिसिंग केलं, पैसे घेतले नाहीत आणि पुढे कितीतरी वर्षं ते घड्याळ फुकट चालू ठेवत राहिलो. ते सैको मात्र कोळीदादांच्या हातावर होडीत गेलं, जाळ्यात गेलं, खाऱ्या पाण्यात भिजलं. आता त्यांचा मुलगा घालतो. काच दोनदा बदलली, पट्टे किती बदलले ते मोजलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच चाचांचा धाकटा मुलगा आला. मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहे. "काका, ग्रँड सैको घेऊ की स्विस? बजेट पाच लाख." बाप ज्या टेबलाशी उभा होता त्याच टेबलाशी मुलगा उभा. या वेळी मी उत्तर लगेच दिलं नाही. चार दिवसांनी ये म्हटलं.

त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. 'जपानी म्हणजे स्वस्त' हा आपला समज मुळात अपुरा आहे. किंतारो हात्तोरी यांनी टोकियोत दुकान काढलं ते १८८१ साली. ग्रँड सैको हे त्यांच्या कंपनीचं उंची घड्याळ १९६० साली निघालं, स्विसांशी बरोबरी करायची हे मनात धरूनच. तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या वेधशाळा अचूकतेच्या स्पर्धा घेत. १९६७ साली न्यूशातेलच्या स्पर्धेत जपानी कारखाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकापर्यंत आले आणि पुढल्या वर्षी जिनिव्हाला यांत्रिक मनगटी घड्याळांत सर्वांच्या पुढे गेले. मग १९६९च्या नाताळात सैकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. किंमत साडेचार लाख येन, त्या पैशात तिथे मोटार येत असे. पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातल्या नव्वद हजारांच्या आसपासच्या नोकऱ्या तीस-पस्तीस हजारांवर आल्या. त्यातून स्विस सावरले ते १९८३च्या स्वॉचमुळे, आणि यांत्रिक घड्याळ हे वेळ बघायचं साधन नसून दागिना आहे हे जगाला पटवून दिल्यामुळे. त्यांचं कौतुक करायला हवं. दागिना विकणं सोपं नाही.

आता अचूकतेचं. स्विसांचं क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळायला मशीनने दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्यात राहावं लागतं. ग्रँड सैकोचा स्वतःचा नियम तीन मागे ते पाच पुढे. फरक थोडका आहे आणि मनगटावर कळत नाही. पण जपान्यांनी १९९९ साली 'स्प्रिंग ड्राइव्ह' नावाची एक तिसरीच जात काढली. तिच्यात सेल नाही, स्प्रिंगच आहे. मात्र टिकटिक करणारा भाग काढून टाकला आहे. त्या जागी एक चाक सेकंदाला आठ फेरे घेतं आणि क्वार्ट्झचा स्फटिक त्याला चुंबकीय ब्रेक लावून ताब्यात ठेवतो. महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत चूक. काटा उड्या मारत नाही, भरतीचं पाणी वाळूवर चढतं तसा सरकतो. मी ते घड्याळ मुंबईत एकदा हातात घेतलं होतं. पाच मिनिटं नुसता काटा बघत उभा राहिलो. विक्रेता मुलगा समजूतदार होता, काही बोलला नाही.

त्या घड्याळाच्या एका प्रसिद्ध डायलवर शिन्शू भागातल्या बर्फाचा पोत आहे. आमच्याकडे बर्फ जेटीवर मासळीच्या पेटीत तेवढा. पण केस टायटॅनियमची आहे, हलकी आहे, खाऱ्या हवेत गंजत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला बर्फापेक्षा ही गोष्ट उपयोगाची. कुठलंही घड्याळ घ्या, आमच्या हवेत त्याचे रबरी वायसर वेळच्या वेळी बदलले नाहीत तर काचेखाली धुकं धरणारच. चामडी पट्टा तर जूनमध्ये काढून ठेवावा, बुरशी येते.

चुंबकाचंही तसंच. मुंबईची ट्राम विजेवर चालणार म्हणून चुंबकीय नोंदी बिघडू नयेत यासाठी कुलाब्याचं काम १९०४ साली आमच्या जिल्ह्यात, अलिबागला हलवलं आणि इमारत लोखंड न वापरता बांधली. घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग अशीच नाजूक असते. मोबाइलच्या कव्हरमधला लोहचुंबक, स्पीकर, लॅपटॉप यांच्याजवळ राहिली की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटभर पुढे पळतं. या बाबतीत स्विस पुढे आहेत हे कबूल करतो. ओमेगाची नवी घड्याळं पंधरा हजार गॉसचं चुंबकीय क्षेत्र सोसतात. इंजिनरूममध्ये काम करणाऱ्या माणसाने हे ध्यानात घ्यावं.

मग पाच लाखांत काय घ्यावं? माझ्या मते, डायल, काटे, केसची घासाई या हाताच्या कामाला मोल द्यायचं असेल तर त्या पैशात जपानी जास्त देतो. भिंगाखाली काट्याची कड पाहिली की कळतं. स्विसांकडे तेवढं काम हवं तर बरेच जास्त पैसे मोजावे लागतात, कारण त्यात नावाची किंमत असते. पण पुढे विकायचं मनात असेल तर नावाचीच किंमत परत मिळते. रोलेक्सला गिऱ्हाईक लगेच येतं, ग्रँड सैको विकायला काढलं तर पडेल भावात द्यावं लागतं. शिवाय स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने जाणार आहे. घाई नसेल त्याने थांबावं.

आणि दुरुस्ती. हे मला सांगताना जड जातं. स्प्रिंग ड्राइव्ह मी उघडू शकत नाही. ते कंपनीकडेच पाठवावं लागतं, महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. मोठ्या स्विस कंपन्याही आता बाहेरच्या कारागिराला सुटे भाग देत नाहीत. म्हणजे पाच लाखांचं घड्याळ, जपानी असो की स्विस, या टेबलाच्या पलीकडचं झालं. इथे दुरुस्त होईल असंच हवं असेल तर सैको फाइव्ह घे, पंधरा-वीस हजारांत येतं, असं मी त्याला म्हटलं. तो हसला.

मग मी त्याला १९८४ची हकिगत सांगितली, त्या तीन घड्याळांच्या मशीनसकट. तो बराच वेळ गप्प होता. "अब्बांना सांगितलंत?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "फूफांचं ते घड्याळ आता आमच्याच घरी आहे. अब्बा रोज त्याला चावी देतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा स्वतः आले. शहात्तर वर्षांचे, काठी टेकत. मी खुर्ची पुढे केली. जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी खिशातून ते घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "यात स्विस किती आहे?" मी म्हटलं, "उघडून बघतो." ते म्हणाले, "नीट बघ. कागदावर लिहून दे."

मुलगा परत बोटीवर गेला आहे. घड्याळ त्याने अजून घेतलेलं नाही. चाचांचं घड्याळ माझ्याकडे आहे. बॅलन्स आणि दोन चाकं स्विस निघाली, मेनप्लेट बाकीच्याशी जुळत नाही. उरलेल्याची यादी करतो आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)